बाराखडीचा संकेत आणि कोडिंगचा बाजार

(अर्धापूर येथे प्राथमिक शिक्षकांपुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



सरकारी कागदपत्रांत कधीकधी दोन घोषणा एकाच वर्षावर येऊन आदळतात आणि त्या दोहोंची एकमेकींशी तोंडओळखही नसते. ५ जुलै २०२१ रोजी केंद्र सरकारने ‘निपुण भारत’ अभियान सुरू केले. इयत्ता तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे व साधी आकडेमोड करता यावी, हे त्याचे उद्दिष्ट. आणि ते गाठण्याची मुदत २०२६-२७. पुढे ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याच शिक्षण मंत्रालयाने जाहीर केले, की २०२६-२७ या शैक्षणिक वर्षापासून तिसरीपासूनच्या शिक्षणात कृत्रिम बुद्धिमत्ता आणि संगणकीय विचारपद्धती यांचा समावेश होईल. ज्या इयत्तेत मूल वाचायला लागलेले असावे असे एक अभियान म्हणते, त्याच इयत्तेत त्याच वर्षी संगणकासारखा विचार करायला शिकावे असे दुसरी योजना म्हणते. वस्तुस्थिती काय आहे? २०२४ च्या ‘असर’ पाहणीत ग्रामीण भारतातील पाचवीच्या निम्म्याहून अधिक मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला नव्हता.

यावर पुरोगामी वर्तुळात एक ठरीव प्रतिक्रिया उमटते. ज्याला ‘कमळ’ वाचता येत नाही त्याला कोडिंग कसले, असे विचारले जाते. प्रश्न रास्त आहे, पण अपुरा आहे. त्यात एक गोष्ट मुकाट्याने मान्य केलेली असते, की कोडिंग ही श्रीमंतांची विद्या आणि अक्षरओळख ही गरिबांची. आधी गरिबांची विद्या पुरी होऊ द्या, मग दुसरीकडे पाहू. वस्तुत: लिपी हाच मानवाने घडविलेल्या जुन्या संकेतांपैकी एक संकेत आहे. ध्वनी एकीकडे, चिन्ह दुसरीकडे, आणि त्या दोहोंना बांधणारे मोजके नियम. हे नियम मुलाच्या स्वाधीन करायचे, की तयार अक्षरे पाठांतरासाठी त्याच्यापुढे ओतायची, हा अध्यापनातला मूळ प्रश्न आहे. आणि संगणकशास्त्राने गेल्या साठ वर्षांत विचाराची जी काही साधने घडविली, त्यांचा उपयोग या प्रश्नाच्या उत्तरासाठी करून घेता येतो. त्यासाठी शाळेत एकही संगणक असण्याची गरज नाही.

‘कोडिंग’ हा शब्द बाजाराने इतका मळवून टाकला आहे की त्याचा अर्थ आधी धुऊन घ्यावा लागतो. २०२० साली टाळेबंदीच्या काळात शाळांची दारे बंद असताना घराघरांतील पडद्यांवर जाहिराती झळकत होत्या, की सहा-सात वर्षांच्या बालकाने आज्ञावली लिहिली आणि गुंतवणूकदारांची दारापुढे रांग लागली. त्यांतील काही जाहिराती मागे घेण्यास जाहिरात मानक परिषदेला त्याच वर्षी सांगावे लागले. या धंद्यातील देशातली सर्वांत मोठी गणली जाणारी कंपनी २०२४ साली दिवाळखोरीच्या कारवाईत सापडली. पालकांच्या भयावर उभारलेला व्यापार असा कोसळला, तरी ते भय मात्र मागे उरले आहे.

या व्यापाराचा आणि मूळ कल्पनेचा संबंध फारसा नाही. सेमूर पॅपर्ट या गणितज्ञाने सहकाऱ्यांसह १९६७ मध्ये ‘लोगो’ ही मुलांसाठीची संगणकभाषा तयार केली. त्याने जिनीव्हात पियाजेबरोबर काम केले होते. यंत्राने मुलाला चालवू नये, मुलाने यंत्राला चालवावे, हा त्याचा आग्रह होता. आणि १९८० साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या पुस्तकात चुकीकडे पाहण्याची एक वेगळी दृष्टी होती, तिचा विचार पुढे येईल. भारतातही संगणकशास्त्रज्ञांच्या ‘एसीएम इंडिया’ या संघटनेने २०१६ पासून ‘सीएसपाठशाला’ हा उपक्रम चालविला आहे. त्यात कागद, खडू, कोडी आणि खेळ यांवर, यंत्राविना शिकविण्यावर भर आहे. मोठ्या कामाचे लहान तुकडे करणे, त्यांतील पुनरावृत्ती ओळखणे, नियम शब्दांत मांडणे, तो नव्या ठिकाणी लावून पाहणे आणि चुकल्यास कोणत्या पायरीवर चुकले ते शोधणे, एवढाच या विद्येचा गाभा आहे. कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांसाठी बिया, पाने, खडे यांतून जी शैक्षणिक साधने उभी केली, त्यांची जातकुळी यापेक्षा निराळी नव्हती.

आता बाराखडीकडे वळावे. मराठीची व्यंजनचिन्हे क्ष, ज्ञ धरून ३६ आणि बाराखडीचे रूपभेद १२. पाठांतराच्या वाटेने जाणाऱ्या मुलापुढे ४३२ आकृत्या उभ्या राहतात. नियमाच्या वाटेने जाणाऱ्याला ३६ अधिक १२, म्हणजे ४८ गोष्टी पुरतात. एका बाजूला गुणाकार आहे, दुसऱ्या बाजूला बेरीज. अर्थशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर ज्या कुटुंबापाशी वेळ, वह्या आणि शिकवणी यांची सुबत्ता आहे त्याला गुणाकार परवडतो. ज्याच्यापाशी यातले काहीच नाही त्याच्या मुलाला बेरजेचीच वाट मिळाली पाहिजे. पण शाळांतून अनुभव उलट येतो. ‘क का कि की’ हे गाणे मुले सुरात म्हणतात, ‘क’च्या ओळीत ‘कु’वर बोट ठेवतात, आणि तोच उकार ‘घ’ला लावून दिला की थबकतात. गाणे पाठ झालेले असते, संकेत हाती आलेला नसतो. अलीकडे ॲ आणि ऑ यांना स्थान मिळून बाराखडीची चौदाखडी झाली आहे. पाठांतर करणाऱ्याच्या डोक्यावर यामुळे ७२ आकृत्यांचे ओझे वाढले. नियम कळलेल्याला दोन नवी चिन्हे मिळाली.

यासाठी लांबचे उदाहरण शोधायला नको. ज्या गावात हा विषय निघाला आहे त्या गावाचे नावच एक संपूर्ण पाठ आहे. ‘अर्धापूर’ हा शब्द तोंडाने म्हणताना ‘र’ हा ‘ध’च्या आधी येतो. लिहिताना मात्र तो ‘ध’च्या पुढे जाऊन, काना ओलांडून, वर जाऊन बसतो. बोलण्याचा क्रम एक आणि लिहिण्याचा क्रम दुसरा. ‘कि’मध्ये नेमके उलट घडते: ‘क’ आधी उच्चारला जातो, पण वेलांटी त्याच्या डावीकडे, आधी उभी राहते. मूल ‘वर्ष’ऐवजी ‘वषर्’ लिहिते तेव्हा त्याला ध्वनी ऐकू आलेला असतो, चिन्हही माहीत असते. चिन्ह कोठे बसते हा नियम त्याला कोणी उघड करून सांगितलेला नसतो.

गंमत अशी, की संगणकाला मराठी शिकविताना अभियंत्यांपुढे हाच पेच उभा राहिला होता. भारतीय लिप्यांसाठी १९९१ साली जे राष्ट्रीय मानक ठरले आणि पुण्याच्या सी-डॅकसारख्या संस्थांनी जे वापरात आणले, त्यात उत्तर फार सुंदर आहे. यंत्राच्या स्मृतीत अक्षरे उच्चाराच्या क्रमाने साठवायची आणि पडद्यावर दाखविताना लिपीच्या नियमाने मांडायची. ‘कि’ यंत्रात ‘क’ आणि मग इकार अशीच साठविली जाते. ‘र्धा’ म्हणजे र, हलन्ताचे चिन्ह, ध आणि काना. पुढे जगभर रूढ झालेल्या युनिकोडनेही हाच क्रम ठेवला. हा क्रम वर्गात आणायला काय लागते? पुठ्ठ्याचे तुकडे आणि चार मुले. अ, र्, ध, काना अशी मुले आधी उच्चाराच्या क्रमाने ओळीत उभी राहतात. मग वर्ग हाक देतो, ‘लिहा!’ आणि ‘र्’ झालेली मुलगी ओळ सोडून कान्याच्या मागच्या बाकावर चढून उभी राहते. ‘चक्र’ची पाळी आली की तोच ‘र’ खाली बसून ‘क’च्या पायाशी जातो. का वर आणि का खाली, हे मुलांनीच शोधून सांगायचे: ‘र’ आधी उच्चारला तर डोक्यावर, नंतर उच्चारला तर पायाशी. हे ‘जर-तर’ म्हणजेच आज्ञावली.

त्याच नावात दुसराही धडा दडलेला आहे. अर्धापूर लिहिताना ‘पू’ दीर्घ, पण ‘अर्धापुरात’ लिहिताना ‘पु’ ऱ्हस्व. ऊस, पण उसाचा. वीट, पण विटेचा. मूल, पण मुलाला. शुद्धलेखनाचे जे चौदा नियम १९६२ साली शासनाने मान्य केले आणि १९७२ मध्ये ज्यांत चारांची भर पडली, त्यांच्यातील हा व्यवहार आहे. शब्द अकारान्त असेल तर त्याच्या आधीचा इकार-उकार दीर्घ. प्रत्यय लागून शब्द वाढला तर तो ऱ्हस्व. आणि ‘विष’, ‘गुण’ असे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द अपवाद. नियम, अट आणि अपवाद अशी ही तीन पायऱ्यांची रचना चौथीतील मुले स्वत: शब्द गोळा करून, दोन ढीग लावून शोधू शकतात. शिक्षकाने नियम आधी सांगून टाकला तर मात्र सारी मौज संपते आणि उरते ती घोकंपट्टी. तरीही ऱ्हस्व-दीर्घाचा बडिवार फार माजवू नये, हेही येथे सांगितले पाहिजे. मोडी लिपीत हा भेद पाळला जात नसे आणि तरीही महाराष्ट्राचा कारभार आणि हिशेब शतकानुशतके त्या लिपीत चालले. जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे बहुजनांच्या प्राथमिक शिक्षणात मोडी आणि बालबोध अशा दोन्ही लिप्यांची, शिवाय हिशेबाची मागणी केली होती. एका भाषेसाठी दोन संकेत असू शकतात, ही जाणीव त्या काळच्या शेतकऱ्याच्या पोराला देऊ करण्यात कोणाला अवघड वाटत नव्हते.

मराठवाड्याच्या या भागात तर ही जाणीव रस्त्यावरच पडलेली आहे. दुकानाच्या एका पाटीवर मराठी आहे, दुसरीवर उर्दू. देगलूर-धर्माबादकडे गेले की तेलुगू. उर्दू उजवीकडून डावीकडे धावते आणि ऱ्हस्व स्वर बहुधा लिहीतच नाही, वाचणाऱ्याने ते संदर्भाने भरून घ्यायचे. तेलुगूत आकृत्या गोल, पण व्यंजनाला स्वरचिन्ह जोडण्याची रीत मराठीचीच. म्हणूनच १९९१ च्या त्या मानकात एकच संकेत ठेवून लिपी तेवढी बदलता येत होती. मराठी शाळेतील आणि उर्दू शाळेतील मुलांनी एकत्र बसून एकमेकांची नावे दोन्ही लिप्यांत लिहिण्याचा एक तास ठेवला, तर लिपी ही कोणत्याही धर्माची मालमत्ता नसून माणसांनी केलेला करार आहे हे वेगळे सांगावे लागणार नाही.

येथे एका खुळाचा समाचार घेणे प्राप्त आहे. ‘संस्कृत ही संगणकासाठी सर्वोत्तम भाषा असल्याचे अमेरिकेच्या अवकाश संस्थेने सिद्ध केले’ अशी आवई सभांतून व संदेशांतून फिरत असते. १९८५ साली रिक ब्रिग्ज यांनी एका नियतकालिकात लिहिलेल्या लेखाची ही फुगवलेली सावली आहे. त्या लेखाचा विषय ज्ञानाची मांडणी आणि संस्कृत व्याकरणपरंपरा यांतील साम्य हा होता. पाणिनीने सुमारे चार हजार सूत्रांत भाषेचे नियम बांधले, ही मानवी बुद्धीची मोठी कामगिरी आहे. तिचा अभिमान जरूर असावा. पण ज्यांना तो खरोखर असेल त्यांनी नियम शोधण्याची ती दृष्टी तांड्यावरच्या मुलापर्यंत पोहोचवावी. नुसता डंका पिटल्याने कोणाला ‘घु’ वाचता येत नाही.

नियम हाती आला, तरी तो कशासाठी वापरायचा हा प्रश्न उरतो, आणि तेथे संगणकशास्त्रज्ञांपेक्षा ब्राझीलच्या पाउलो फ्रेरेकडे जावे लागते. १९६३ साली आंजिकोस या गावी सुमारे ३०० श्रमिकांना त्याने अवघ्या ४० तासांच्या अध्यापनात वाचायला शिकविले. त्याच्या पद्धतीत एक प्रसिद्ध शब्द आहे ‘तिजोलो’, म्हणजे वीट. विटेविषयी, ती कोण थापतो आणि घर कोणाचे उभे राहते याविषयी चर्चा झाली की शब्दाचे तुकडे पाडायचे: ति, जो, लो. मग प्रत्येक तुकड्याचे कुटुंब मांडायचे: ता ते ति तो तु, जा जे जि जो जु, ला ले लि लो लु. ही पोर्तुगीज भाषेची बाराखडीच होय. फरक एवढाच, की फ्रेरे हा तक्ता पाठ करवीत नसे. श्रमिक त्यातले तुकडे उचलून स्वत: नवे शब्द जोडीत. त्यांतून ‘लुता’ हा शब्द निघतो. त्याचा अर्थ संघर्ष. १९६४ च्या लष्करी उठावानंतर फ्रेरेला तुरुंगात टाकण्यात आले. अक्षरे जोडण्याचा नियम लोकांच्या हाती जाणे किती धोक्याचे, हे त्या सेनापतींना पुरते कळले होते.

अर्धापूरच्या वर्गातील ‘तिजोलो’ कोणता? इसापूर धरणाच्या कालव्याने हा मुलूख भिजविला आणि येथे केळीच्या बागा उभ्या राहिल्या. केळी, घड, फणी, कालवा, हळद, ऊस हे शब्द मुलांच्या कानांत जन्मापासून आहेत. ‘केळी’चे दोन तुकडे पाडले तर क आणि ळ या दोन कुटुंबांतून काळा, काळी, काळे, कळ, कळा, केळ, कोळी असे शब्द मुले जोडत जातील, त्यांत निरर्थकही निघतील आणि ते निरर्थक आहेत हे ओळखणे हेही वाचनच आहे. थोडी अक्षरे, थोड्या मात्रा आणि लगेच अर्थाचा शब्द, ही वाट महाराष्ट्राला नवी नाही; १९८४ साली फलटणला स्थापन झालेल्या प्रगत शिक्षण संस्थेसारख्या ठिकाणी वाचन शिकविण्याचा असा पद्धतशीर विचार झालेला आहे. तालुक्यात साखर कारखाना आहे आणि जिल्ह्याच्या मुखेड, कंधार, लोहा या भागांतून दरवर्षी हजारो हात ऊसतोडीला बाहेर पडतात. कोयता खांद्यावर घेऊन निघालेल्या जोडप्याबरोबर लेकरूही जाते, आणि शाळेतले पाच-सहा महिने गळून पडतात. असे मूल परत येते तेव्हा पाठ केलेल्या तक्त्यातील निम्म्या ओळी पुसल्या गेलेल्या असतात. दहा अक्षरे आणि चार मात्रांचा नियम मात्र त्याच्याबरोबर फडावरही जाऊ शकतो. ट्रॅक्टरच्या पाठीवरील अक्षरे, पोत्यावरील ठसे यांवर तो रोज लावून पाहता येतो. त्याच्या बापाने मुकादमाकडून उचल घेताना कोणत्या कागदावर अंगठा उठविला आणि त्यावर आकडा काय होता, हे वाचणारे घरातले पहिले माणूस तेच मूल असण्याची शक्यता आहे.

आता चुकीविषयी. पॅपर्टच्या शाळेत आज्ञावली चुकली म्हणजे मूल नापास होत नसे. दोष कोणत्या पायरीवर आहे ते शोधण्याचे काम सुरू होई. मराठी वर्गातील लाल शाईला ही दृष्टी ठाऊक नाही. या भागातील मूल ‘पाणी’ऐवजी ‘पानी’ लिहिते, ‘आणि’ऐवजी ‘आनि’ लिहिते. शिक्षक काट मारतो. वास्तविक त्या मुलाने संकेताचा नियम अचूक पाळलेला असतो: जे बोलतो ते लिहिले. त्याच्या घरच्या बोलीत ‘न’ आहे, पुस्तकाच्या भाषेत ‘ण’ आहे. दोष नियमात नसून दोन बोलींतील अंतरात आहे. ‘वषर्’ ही चूक निराळी, तेथे नियम शिकवायचा आहे. ‘घ’ आणि ‘ध’ यांची गल्लत आणखी निराळी, तेथे डोळा आणि हात घडवायचा आहे. तिन्हींवर सारखीच लाल काट मारणारा शिक्षक मुलाला एवढेच शिकवतो, की तुझी भाषा अशुद्ध आहे. ज्या समाजात ‘अशुद्ध’ हा शब्द माणसांनाच लावला गेला, तेथे ही काट वहीवर थांबत नाही. ‘तुझे बरोबर आहे, घरी आपण पानी म्हणतो, पुस्तकाने पाणी असे ठरविले आहे, दोन्ही लिहून ठेव’ असे सांगायला अर्धे मिनिटही लागत नाही.

या विद्येची दुसरी, काळी बाजूही आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये प्रोनी याने गणिताची अवाढव्य कोष्टके करवून घेतली, ती कामाचे तुकडे पाडून. वर मूठभर गणितज्ञ, मध्ये सात-आठ जाणकार, आणि तळाशी साठ-ऐंशी माणसे, ज्यांना केवळ बेरीज-वजाबाकी येत होती. चार्ल्स बॅबेजने १८३२ च्या आपल्या अर्थशास्त्रीय ग्रंथात या प्रयोगाचे कौतुक केले आणि त्यातून सिद्धांत काढला, की कामाचे तुकडे पाडले म्हणजे प्रत्येक तुकड्याला लागेल तेवढ्याच कौशल्याचे, म्हणून तेवढ्याच स्वस्त श्रमाचे, दाम मोजावे लागतात. संगणकयंत्राची कल्पना करणारा आणि श्रम स्वस्त करण्याचे शास्त्र मांडणारा माणूस एकच होता, हे विसरून चालणार नाही. ‘पायरीपायरीने सूचना पाळा’ एवढेच जर शाळा शिकविणार असेल, तर ती प्रोनीच्या तळघरासाठी माणसे तयार करील. सूचना लिहिणारे शहरात आणि पाळणारे खेड्यात, अशी ती विभागणी होईल.

आणि या तळघरात पहिली पायरी शिक्षकाची आहे. वरून येणारे ॲप, त्यात भरावयाची माहिती, ठरवून दिलेला तास, ठरवून दिलेली चाचणी. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील रणजितसिंह डिसले यांना २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि त्यांनी त्याची निम्मी रक्कम इतर अंतिम स्पर्धकांत वाटून टाकली; त्यांचे नाव पाठ्यपुस्तकांतील क्यूआर कोडशी जोडले गेले. त्या कामाचे खरे मोल हे, की एका खेड्यातल्या शिक्षकाने आपल्या मुलांची अडचण पाहून स्वत: साधन घडविले. पुढे तोच चौकोन राज्यभर पुस्तकांत छापून आला तेव्हा बहुसंख्य शिक्षकांच्या वाट्याला तो केवळ दाखविण्याचे काम आले. साधन तेच राहिले आणि ते घडविणारा हात मात्र गळाला.

म्हणून मागणी करायची असेल तर ती संगणक-कक्षांची नंतर करावी. आधी रिक्त जागा भराव्यात, सर्वेक्षणे आणि याद्या यांतून शिक्षकाला सोडवावे, आणि २०२३ मध्ये ‘समूह शाळा’ या गोंडस नावाने जो विचार पुढे आला त्याप्रमाणे लहान गावांच्या शाळा मिटविण्याचे बेत सोडून द्यावेत. दोन मैल चालत जावे लागले की पहिली गळते ती मुलगी. केंद्राच्या मासिक शिक्षण परिषदेत परिपत्रके वाचण्याऐवजी शिक्षकांनी आपापल्या वर्गातील वीस चुका घेऊन यावे आणि कोणती चूक बोलीची, कोणती नियमाची, कोणती हाताची, याची फोड एकत्र बसून करावी. अशा तीन-चार बैठकांत जे हाती लागेल ते कोणत्याही कंपनीच्या संचात विकत मिळणार नाही.

आणि वर्गाच्या भिंतीवर चौदाखडीचा जो छापील तक्ता टांगलेला असतो, तो उतरवून जाड कागदावर हाताने आखलेला दुसरा लावावा. त्यात वरची आडवी ओळ आणि डावीकडचा उभा रकाना भरलेला असावा, मधले सगळे चौकोन कोरे. ज्या दिवशी ज्या मुलाला एखादा चौकोन स्वत:हून वाचता येईल, त्या दिवशी तो त्यानेच खडूने भरावा.